मिसळीच्या दुकानाचा पोकेस्टॉप: वेफेअरर अडीच वर्षं वापरल्यावर

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका मिसळीच्या दुकानात मी नऊ वर्षं जाते आहे. मी औषध कंपनीत एम.आर. आहे. पहिली व्हिजिट साडेनऊला असते, त्याआधी पोटात काहीतरी गरम जायला हवं, म्हणून ही सवय लागली. दुकान सातला उघडतं आणि कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, संपला की बंद. रविवारी तर साडेदहालाच शटर अर्धं खाली आलेलं असतं. आत सहा लाकडी बाक, भिंतीवर पैलवानांचे काळेपांढरे फोटो. जवळच्या तालमीतली पोरं व्यायाम आटोपून आली की मागच्या दोन बाकांवर बसतात. ते बाक त्यांचे आहेत असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. पेन्शनर मंडळी पेपर घेऊन येतात आणि एका मिसळीवर तासभर बसतात. मालक कुणाला उठवत नाहीत.

पोकेमॉन गो या मोबाईलवरच्या खेळाच्या नकाशावर त्या गल्लीत एकच खूण होती: एका अपार्टमेंटच्या गेटवरचा सिमेंटचा हत्ती. हत्तीला नाव होतं, फोटो होता, दिवसातून दहाजण फोनवर त्याची चकती फिरवून पुढं जात होते. दुकानाच्या जागी मोकळी जमीन दिसायची. अख्खी पेठ जिथं सकाळ काढते ती जागा नकाशाला माहीतच नाही, हे मला सहन होईना. तिथून वेफेअरर, म्हणजे पोकेमॉन गोसारख्या खेळांच्या नकाशावर नव्या जागा सुचवायची आणि तपासायची सेवा, वापरायला लागले. मी पाठवलेल्या जागांपैकी निम्म्याहून जास्त खाण्याच्या होत्या, त्यामुळं हा रिव्ह्यू मुख्यतः त्याच अंगानं लिहिते आहे. आपल्या गावातलं चांगलं खाणं या खेळांच्या नकाशावर आणायचं असेल तर ही सेवा कितपत कामाची आहे, एवढंच सांगायचं आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. इन्ग्रेस आणि पोकेमॉन गो हे खेळ खऱ्या नकाशावर चालतात. आपण चालत एखाद्या खऱ्या जागेजवळ गेलो की फोनमध्ये ती जागा उघडते. इन्ग्रेसमध्ये तिला पोर्टल म्हणतात, पोकेमॉन गोमध्ये पोकेस्टॉप किंवा जिम. इन्ग्रेस २०१२ मध्ये सुरू झालं. पोकेमॉन गो जुलै २०१६ मध्ये आलं आणि भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये. त्याचे पहिले पोकेस्टॉप इन्ग्रेसच्या पोर्टलांवरूनच घेतले होते. म्हणजे जिथं इन्ग्रेस खेळणारे आधी फिरून गेले होते तिथं दाटी, आणि जिथं कुणी फिरकलं नाही तिथं शुकशुकाट. देवळं, पुतळे, मंडळाच्या कमानी भरपूर आल्या. हॉटेलं फार थोडी.

पैसे देऊन नकाशावर येण्याची वाटही होती. जपानमध्ये २०१६ सालीच मॅकडोनाल्ड्सची जवळजवळ ३,००० दुकानं पोकेस्टॉप आणि जिम झाली. आपल्याकडे सुरुवातीलाच जिओशी करार झाला आणि त्यांची दुकानं खेळात दिसू लागली. मंगळवार पेठेतल्या मिसळवाल्याला हे परवडण्यातलं नाही. त्याच्यासाठी एकच दार आहे, ते म्हणजे त्याच्याकडं खाणाऱ्या आणि हा खेळ खेळणाऱ्या माणसानं त्याचं नाव सुचवायचं. हे दार २०१९ मध्ये वेफेअररनं नीट उघडलं, आणि याच एका कारणासाठी मला ही सेवा मोलाची वाटते. पोकेमॉन गोमधून सुचवण्याची सोय सुरुवातीला फक्त ४० व्या लेव्हलच्या खेळाडूंना होती. पुढं ती अट खाली आली, मला ती ३७ ला मिळाली.

पद्धत ऐकायला सोपी आहे. नकाशावर टाचणी लावायची. जागेचा एक मुख्य फोटो, आजूबाजूचा परिसर दिसेल असा दुसरा फोटो. नाव, वर्णन, आणि ही जागा का हवी त्याचं स्पष्टीकरण. नाव आणि वर्णन खेळात सगळ्यांना दिसतं, स्पष्टीकरण फक्त तपासणाऱ्यांना. तपासणारे म्हणजे आपल्यासारखेच खेळाडू, चाचणी देऊन पास झालेले. जागा पात्र ठरायला तीन कारणांपैकी एक तरी लागतं: ती बघायला जावं अशी असावी, व्यायामाची असावी, किंवा चारचौघं भेटतात अशी असावी. खाण्याची ठिकाणं पहिल्या आणि तिसऱ्या कारणात बसतात. सगळ्या गावांत सारखीच दिसणारी साखळी दुकानं सहसा बसत नाहीत. गावाची स्वतःची, गावकऱ्यांच्या आवडीची जागा बसते. कागदावर तरी हा नियम मिसळीच्या दुकानासाठीच लिहिल्यासारखा आहे.

फोटो काढण्याआधी मी मालकांना विचारलं. कुणाच्याही दुकानाचं नाव द्यायचं तर आधी सांगावं, असं मला वाटतं. नियमात ते नाही, पण रोज ज्यांच्या हातचं खातो त्यांच्या दारात अनोळखी पोरं मोबाईल घेऊन उभी राहणार आहेत, त्यांना कळायला नको?

"ताई, ह्याचं कमिशन किती?" त्यांचा पहिला प्रश्न. जेवण घरपोच पोचवणाऱ्या अॅपची माणसं आदल्याच महिन्यात येऊन गेली होती.

"काही नाही काका, फुकट आहे."

"मग तुमास्नी काय मिळतंय?"

"मला काही नाही. गल्लीच्या नकाशावर दुकान दिसंल."

त्यांनी झारा खाली ठेवला आणि थोडा विचार केला. "बरं, काढा. पर फोटो कढईचा काढा. पाटी लई जुनी झालीया."

मी त्यांचं ऐकलं. कढईचा फोटो खरंच सुंदर आला: लाल कट, वाफ, मागं काकांचा अर्धा चेहरा. परिसराचा फोटो दारातून घेतला, त्यात बाहेर लावलेल्या चार मोटारसायकली नंबरप्लेटसकट आल्या. वर्णनात मी लिहिलं, "कोल्हापुरातील सर्वात चविष्ट झणझणीत मिसळ. एकदा अवश्य भेट द्या." सोबत वेळ आणि दर.

नऊ दिवसांत नाकारलं गेलं. आता मी स्वतः तपासते तेव्हा कळतं की मीही ते नाकारलंच असतं. फोटोत माणसाचा चेहरा चालत नाही, गाडीचा नंबर चालत नाही. कढई ही जागा नव्हे, ती उद्या बदलेल. आणि वर्णन जाहिरातीच्या हँडबिलासारखं होतं. सर्वात चविष्ट म्हणजे कुणापेक्षा? सोलापूरच्या किंवा बेळगावच्या तपासणाऱ्याला त्यावरून काय समजणार?

दुसऱ्यांदा दुपारी चारला गेले, गर्दी नसेल म्हणून. गर्दी नव्हती, दुकानही बंद होतं. शटर ओढलेल्या दुकानाचा फोटो पाहिला की दुकान कायमचं बंद झालंय असंच वाटतं. तो फोटो मी पाठवलाच नाही.

तिसऱ्या वेळी नेमकी वेळ सापडली. सव्वाअकराला, कट संपल्यावर, पोरगा बाक पुसत असताना, पाट्या आणि भिंत स्पष्ट दिसत असताना. जुनी पाटीच कामी आली. तिचा उडालेला रंग, हातानं रंगवलेली अक्षरं, यावरूनच कळतं की हे दुकान काल निघालेलं नाही. ज्यांना आपल्या जुन्या पाटीची लाज वाटते अशा सगळ्या मालकांना हे सांगावंसं वाटतं: ती काढू नका.

वर्णन मी असं लिहिलं: "मंगळवार पेठेतलं जुनं मिसळीचं दुकान. कोल्हापुरी पद्धतीची मिसळ इथं पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइससोबत मिळते आणि कट वेगळा वाढतात. शेजारच्या तालमीतले मल्ल आणि पेठेतले ज्येष्ठ नागरिक रोज सकाळी इथं जमतात. भिंतीवर जुन्या पैलवानांची छायाचित्रं आहेत." खाली हेच दोन ओळींत इंग्रजीत. चवीबद्दल अक्षर नाही.

अडीच वर्षांत मी हेच शिकले. पदार्थ कसा लागतो ते इथं लिहून उपयोग नाही, कारण ते कुणाला तपासता येत नाही. तिथं माणसं येऊन काय करतात ते लिहायचं. कोण येतं, किती वाजता, कशासाठी थांबतं. ते लिहायला लागलं की दुकान खरोखर भेटण्याची जागा आहे की नुसतं पार्सलचं काउंटर, हे आपलं आपल्यालाच कळतं. राजारामपुरीतल्या एका दुकानाचं वर्णन लिहायला बसले आणि दुसरं वाक्यच सुचेना. भजी उत्तम, पण तिथं कुणी थांबत नाही. ते मी पाठवलं नाही.

नावाची एक गोम आहे. आपल्याकडं चहा मिळतो तेही हॉटेलच. मिसळ मिळते ते हॉटेल, थाळी मिळते ते हॉटेल. दूरच्या तपासणाऱ्याला वाटतं की मुक्कामाची सोय आहे, आणि तो फोटोत खोल्या शोधत बसतो. पाटीवर हॉटेल असेल तर नाव तेच द्यावं, ते बदलू नये, पण वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात 'मिसळीचं दुकान', 'उपाहारगृह', 'खानावळ' असं जे असेल ते सांगून टाकावं. नाव मराठीतच द्यावं, पाटीवर आहे तसं. मी सुरुवातीला सगळं इंग्रजीत लिहायचे, ते आता सोडलं. पाटी मराठी आणि नाव इंग्रजी असलं की तपासणाऱ्याला दोन्ही जुळवत बसावं लागतं.

यानंतर पुराव्याचा प्रश्न येतो, आणि पुण्यामुंबईच्या लोकांपेक्षा आपल्याला तो जास्त भोवतो. जागा नकाशावर खरंच तिथं आहे हे तपासणाऱ्याला पाहायचं असतं. वरून घेतलेल्या उपग्रहाच्या चित्रात पेठेतली कौलं आणि पत्रे सोडून काही दिसत नाही. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून दिसतात तशी चित्रं, भारतात जुलै २०२२ मध्ये आलं ते दहा शहरांत. त्यात मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होती, कोल्हापूर नव्हतं. अशा गावात आपणच रस्त्यावर उभं राहून चारही बाजूंचा गोल फोटो काढून गुगल मॅप्सवर चढवायचा आणि स्पष्टीकरणात त्याचा उल्लेख करायचा. मी रविवारी पहाटे जाऊन तो काढला, रस्ता मोकळा असताना. ही मेहनत कुणी करत नाही आणि मग नॉमिनेशन, म्हणजे सुचवलेली जागा, पास होत नाही म्हणून वैतागतात. माझ्या अनुभवात त्या एका फोटोनं बाकी सगळ्यापेक्षा जास्त काम केलं.

पाच आठवड्यांनी मी इचलकरंजीत एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर, रडणाऱ्या पोरांच्या मध्ये बसले होते, तेव्हा मेल आला. दुकान पास झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना फोनवर दाखवलं. निळी चकती, आत त्यांची जुनी पाटी. त्यांनी चष्मा लावून वर्णन वाचलं, दोनदा वाचलं, आणि मागच्या बाकावरच्या पोरांना हाक मारली, "आरं, तुमचं बी नाव घातलंय की ह्यात." त्या दिवशी त्यांनी माझे पैसे घेतले नाहीत. मी ठेवले तर परत पिशवीत घातले.

आता शाळेतली पोरं संध्याकाळी बंद दुकानासमोर थांबतात, चकती फिरवतात, जातात. काकांनी मला विचारलं, "ते गोल फिरवायचं ते आपलंच न्हवं?" त्यांचा धंदा त्यानं वाढला का? मला नाही वाटत. त्यांना वाढवायचाही नाही, कट अकरालाच संपतो.

प्रत्येक जागेचं असं गोड होत नाही, आणि त्याचं एक कारण खेळाच्या रचनेतच आहे. पोकेमॉन गो जमिनीचे साधारण ७० मीटर बाजूचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनात एकच थांबा दाखवतं. जुन्या पेठांत, विशेषतः अंबाबाईच्या देवळाच्या आसपास, असा चौकोन सापडणं अवघड आहे ज्यात आधीच एखादा गणपती, मारुती, तालीम किंवा कमान नाही. महाद्वार रोडच्या एका बोळातलं थाळीचं जुनं दुकान मी सुचवलं, ते पासही झालं आणि पोकेमॉन गोमध्ये आजतागायत दिसलं नाही. ते शोधायला मी इन्ग्रेस उतरवलं. तिथं आहे, कारण तिथं दोन जागांमधलं अंतर फार कमी चालतं. उलट उपनगरांत, नव्या कॉलन्यांत, चौकोनच्या चौकोन रिकामे आहेत. त्यामुळं पेठेतल्या शंभर वर्षांच्या खाणावळीपेक्षा कळंब्याकडच्या परवाच्या कॅफेला नकाशावर जागा मिळणं सोपं. हे मुद्दाम कुणी केलेलं नाही, हिशेबच तसा आहे. सुचवण्याआधी चौकोन रिकामा आहे का ते बघून घ्या, म्हणजे मन खट्टू होणार नाही. तरीही पेठेतली जागा पाठवाच, असं मी म्हणेन. एका खेळात नाही दिसली तर दुसऱ्यात दिसेल, आणि नोंद तर राहते.

आता खानावळीबद्दल. मी दुपारी जिथं जेवते ती खानावळ एका घराच्या पुढच्या खोलीत आहे. चार टेबलं, दारात चपला, आतल्या खोलीत मावशींची नात अभ्यासाला बसलेली. मावशी कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा बोलतात, "बस, मी आलो भाकरी घेऊन." बँकेतले, कोर्टातले, माझ्यासारखे फिरते, सगळे तिथं जेवतात आणि एकमेकांना ओळखतात. भेटण्याची जागा याहून वेगळी काय असते? पण वेफेअररचा नियम स्पष्ट आहे: खाजगी राहतं घर चालत नाही. मला सुरुवातीला हा नियम अन्यायाचा वाटला, कारण आपल्याकडं 'घरगुती खानावळ' या शब्दातच घर आहे. स्पष्टीकरणात घराचा उल्लेख टाळून पाठवता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

मी पाठवलं नाही. एकदा रात्री अकराला त्या गल्लीतून जाताना मावशींच्या घराचा दिवा बंद दिसला आणि वाटलं, आत्ता इथं तीन पोरं मोबाईल घेऊन उभी असती तर? आतल्या बाईनं काय समजायचं? गेटवरच्या हत्तीसमोर कुणी रात्री उभं राहिलं तर वॉचमन असतो. इथं नियम बरोबर आहे. तो जपलाच पाहिजे, आणि कुणी घरगुती खानावळ दुकान म्हणून खपवलेली दिसली तर मी ती नाकारते, जेवण कितीही चांगलं असो.

हातगाड्यांच्या बाबतीत मात्र माझं नियमाशी पटत नाही. जागा कायमची असली पाहिजे, जी वस्तू हलते ती नाही, असं तत्त्व आहे. तत्त्व समजतं. जत्रेतला स्टॉल, आठवडी बाजारातलं पाल हे नकाशावर लावून काय करायचं? पण खासबाग मैदानाच्या बाजूला संध्याकाळी लागणारा एक भेळेचा गाडा मी शाळेत असल्यापासून बघते आहे. आधी वडील होते, आता मुलगा आहे. गाडा रात्री ढकलत घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर त्याच फरशीवर आणून लावतात. चाकांना लावायच्या दगडांचीही जागा ठरलेली. माझ्या लग्नाची बोलणी फिसकटली ती बातमी मी मैत्रिणीला त्या गाड्यापाशी उभी राहून सांगितली. तेव्हाच्या दोन कॅफेंचं आज नाव राहिलेलं नाही. त्यातल्या एकाचा पोकेस्टॉप तर दुकान जाऊन वर्ष झालं तरी होता, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी नवा फोटो जोडून तो काढून टाकायची विनंती पाठवली. चार भिंती होत्या म्हणून तो कायमचा आणि चाकं आहेत म्हणून गाडा तात्पुरता?

आपल्या कायद्यानं यावर विचार केलेला आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फिरते विक्रेते आणि एकाच ठरलेल्या जागी नियमित बसणारे स्थिर विक्रेते असा फरक केला आहे, आणि विक्रेत्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. चाकं असूनही माणूस स्थिर असू शकतो, हे संसदेला मान्य आहे. वेफेअररनं तेवढं जरी घेतलं, ठरलेल्या जागेचं प्रमाणपत्र आणि वर्षानुवर्षं तीच जागा असल्याचा पुरावा असेल तर गाडा विचारात घ्यायचा, तरी महाराष्ट्रातलं निम्मं खरं खाणं नकाशावर येईल. वडापाव कुठं जन्मला? दादर स्टेशनबाहेरच्या गाडीवर. भिंती नसलेलं खाणं वगळून मराठी माणसाचा खाण्याचा नकाशा काढता येत नाही.

यावर कुणी सुचवेल की गाड्याचं नाव न घेता शेजारच्या भिंतीचं किंवा पाराचं नाव द्या. तसं करू नका. ज्या जागेसाठी आपण भांडतो आहोत तिचंच नाव लपवून काय मिळवायचं? मी खासबागेतला गाडा पाठवलेला नाही. नियम बदलेल त्या दिवशी पहिला तोच पाठवेन, फोटो तयार आहे.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, कारण सुचवणं हा वेफेअररचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा तपासण्याचा. मी रोज रात्री जेवणानंतर दहा-पंधरा तपासते. सांगली, मिरज, निपाणी, कोकणातलीही येतात. कुडाळचं एक दुकान आलं होतं, सोलकढी आणि उकड्या तांदळाच्या भातासाठी मच्छीमार पहाटे येतात असं लिहिलेलं, फोटोत दारातली जांभ्याची पायरी. बिनदिक्कत पास केलं आणि वही काढून नाव लिहून ठेवलं. असंही येतं: इंटरनेटवरून उचललेला थाळीचा फोटो, खाली मोबाईल नंबर आणि 'पार्टी ऑर्डर स्वीकारल्या जातील'. किंवा स्पष्टीकरणात 'प्लीज पास करा, आमच्या गावात एकही स्टॉप नाही'. गावात एकही स्टॉप नाही हे ऐकून वाईट वाटतं, पण ते कारण होत नाही आणि विनवणी करणं नियमातही बसत नाही. त्याऐवजी त्या माणसानं गावातल्या हॉटेलात सकाळी कोण बसतं एवढं लिहिलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. मराठी जाणणारे तपासणारे वाढले तर ही नॉमिनेशनं योग्य हातांत पडतील. 'तर्री' म्हणजे काय, 'कट' म्हणजे काय, 'रस्सा मंडळ' म्हणजे काय, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा माणूस पलीकडं असणं फार मोठी गोष्ट आहे. नुसतं सुचवून थांबू नका, चाचणी द्या आणि तपासायलाही बसा.

वाट मोठी आहे हे धरून चाला. माझं सर्वात लवकर उत्तर नऊ दिवसांत आलं, ते नकाराचं. सर्वात उशिरा सात महिन्यांनी. पोकेमॉन गो २०२५ मध्ये स्कोपली कंपनीकडं गेलं तेव्हा आमच्या रविवारच्या रंकाळ्यावरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना काळजी होती की आता हे सगळं गुंडाळतील. माझी नॉमिनेशनं अजून जात आहेत आणि उत्तरं येत आहेत.

पाचपैकी तारे द्यायचे तर मी साडेतीन देईन. एक पूर्ण तारा गाड्यांसाठी कापला आहे. अर्धा मराठीसाठी: नाव, वर्णन मराठीत लिहिता येतं, पण नियमांचं पान आणि चाचणी मराठीत नाही, आणि इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराच्या हुशार पोराला तीच भिंत आडवी येते.

सध्या माझ्या मनात गंगावेशीतला दूध कट्टा आहे. म्हशी तिथंच बांधलेल्या, समोर धार काढून स्टीलच्या ग्लासात फेसाळतं दूध हातात. तालमीतले पैलवान आणि बाहेरगावचे पाहुणे तिथं एकाच रांगेत उभे असतात. खाण्याची जागा आहे, बघायला जावी अशी आहे, माणसं भेटतात अशी आहे. पण फोटो कशाचा काढायचा? म्हैस चालणार नाही, ग्लास चालणार नाही, माणसांचे चेहरे चालणार नाहीत. दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा धार काढणाऱ्या दादांनी विचारलं, "काय शोधताय?" मी म्हटलं, "इथं कायमचं काय आहे ते." त्यांनी बादली खाली ठेवली, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "माझ्या आज्यापास्नं हितंच हाय आमी." स्पष्टीकरणाच्या रकान्यात मी पहिलं वाक्य तेच लिहिलं आहे. फोटो येत्या रविवारी, पहाटे, म्हशी यायच्या आधी काढायचा आहे.